क्रमामागचे नाते

लेखमाला : यंत्राचा गाभा
लेखांक ९

मागच्या लेखात डिव्हाइस ट्रीची ओळख झाली. बोर्डावर कोणती उपकरणे आहेत, ती कोणत्या पत्त्यावर बसली आहेत आणि त्यांतल्या कोणाला कोणाची गरज लागते, हे त्या रचनेत लिहिलेले असते. ही माहिती हाती आली की कर्नल एकेक उपकरण सुरू करायला घेते. तिथे प्रश्न येतो क्रमाचा. आधी कोण, नंतर कोण, आणि हे ठरवायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर जो दोष तयार होतो, तो फार चिवट असतो. टचस्क्रीन आज चालतो, उद्या बूट केल्यावर चालत नाही. कोड तोच, बोर्ड तोच. काय घडते ते दिसावे म्हणून ड्रायव्हरमध्ये संदेश छापणारी एक ओळ घातली, तर दोष नाहीसा होतो. कारण ती ओळ छापायला जो वेळ गेला, तेवढ्यात दुसरे उपकरण तयार झालेले असते. ओळ काढली की दोष परत हजर. अशा वेळी बरेच जण ड्रायव्हरमध्ये शंभर मिलिसेकंद थांबण्याची सूचना घालतात आणि पुढच्या कामाला लागतात. दोष तसाच राहतो आणि वेगळ्या गतीचा बोर्ड समोर आला की पुन्हा डोके वर काढतो.

हा दोष मुळापासून समजून घ्यायला एक चांगले उदाहरण दिल्लीच्या शेजारीच सापडते.

ग्रेटर नोएडातले ड्रायव्हर

ग्रेटर नोएडाच्या नॉलेज पार्क भागात एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या युरोपीय कंपनीचे मोठे केंद्र आहे. तिथल्या अभियंत्यांनी कंपनीच्या ‘स्पिअर’ या चिप-कुटुंबासाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिले. स्पिअर ३०० आणि ६०० या मालिकांना मुख्य लिनक्स कर्नलमध्ये २०१० साली जागा मिळाली. दोन कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसर असलेल्या स्पिअर १३१० आणि १३४० या चिपांना तिथे २०१२ साली जागा मिळाली. या कामात आघाडीवर असलेले विरेश कुमार पुढे लिनक्सच्या सीपीयू-फ्रीक्वेन्सी विभागाचे मेंटेनर झाले. हा सगळा कोड खुला आहे. कोणाही विद्यार्थ्याला तो उघडून वाचता येतो, आणि क्रमाचा प्रश्न त्यात ठिकठिकाणी दिसतो.

स्पिअर १३१० चा मूल्यमापन बोर्ड घेऊ. त्यावर एक फ्लॅश मेमरी आणि टचस्क्रीनची नियंत्रक चिप आहे. दोन्ही एसपीआय या बसवर जोडलेल्या आहेत. एसपीआयमध्ये डेटाच्या तारा सर्वांना सामाईक असतात आणि ‘आता मी तुझ्याशी बोलतो आहे’ हे सांगायला प्रत्येक चिपसाठी एक वेगळी तार असते. तिला चिप सिलेक्ट म्हणतात. संवाद पूर्ण होईपर्यंत ही तार धरून ठेवावी लागते. मध्येच सोडली तर समोरची चिप समजते की बोलणे संपले.

स्पिअरमधला एसपीआय नियंत्रक एआरएम कंपनीच्या पीएल०२२ या रचनेचा आहे. चिप सिलेक्ट त्याच्याच ताब्यात ठेवली, तर पाठवायच्या बाइटांची रांग रिकामी झाली की तो ती सोडून देतो. फ्लॅशसारख्या उपकरणांना हे चालत नाही. एका आज्ञेचे दोन-तीन भाग असतात आणि ते सर्व एकाच पकडीत जावे लागतात. म्हणून स्पिअरच्या रचनाकारांनी सिस्टिम रजिस्टरांतून ही तार सॉफ्टवेअरच्या ताब्यात घेण्याची सोय ठेवली. त्या सोयीसाठी २०१२ मध्ये एक छोटा ड्रायव्हर लिहिला गेला. तो या तारा बाकीच्या कर्नलला साध्या जीपीआयओ, म्हणजे सॉफ्टवेअरने थेट हाताळायच्या तारा, म्हणून दाखवतो.

आता साखळी पाहा. टचस्क्रीनला एसपीआय नियंत्रक हवा. एसपीआय नियंत्रकाला चिप सिलेक्टच्या तारा हव्यात. त्या तारा देणारा जीपीआयओ ड्रायव्हर आधी तयार हवा. तारा बाहेर ज्या पिनांवर येतात, त्या पिना योग्य कामाला लावणारा पिनकंट्रोल ड्रायव्हर त्याच्याही आधी हवा. साखळीतली एक कडी उशिरा आली तर काय होईल?

समजा पीएल०२२ चा ड्रायव्हर सुरू झाला, त्याने तार मागितली, आणि तार देणारा अजून तयार नव्हता. ड्रायव्हरने ते उत्तर कानाआड करून काम पुढे रेटले, तर चिप सिलेक्ट नियंत्रकाच्याच ताब्यात राहील. एसपीआय बस सुरू झालेली दिसेल. बूटच्या नोंदीत तक्रार नसेल. फ्लॅश वाचायला घेतली की मात्र आज्ञा अर्धवट तुटेल आणि भलताच डेटा हाती येईल. तो पाहणारा माणूस फ्लॅशवर संशय घेईल, सोल्डरिंगवर घेईल, घड्याळाच्या वेगावर घेईल. मूळ कारण त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेले असेल.

पातळ्यांचा क्रम

लिनक्समध्ये आरंभाचा क्रम ठरवण्याची एक जुनी रीत म्हणजे इनिटकॉल. कर्नलमध्येच बांधलेला प्रत्येक ड्रायव्हर आपले आरंभीचे फंक्शन एका पातळीवर नोंदवतो. पातळ्या ठरलेल्या आहेत : प्युअर, कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस आणि शेवटी लेट. लिंकर प्रत्येक पातळीच्या फंक्शनांचे पत्ते एका वेगळ्या विभागात गोळा करतो आणि बूट होताना कर्नल हे विभाग एकापाठोपाठ एक चालवते. काही न सांगता लिहिलेला साधा ड्रायव्हर डिव्हाइस पातळीवर जातो.

स्पिअरच्या कोडमध्ये हे स्वच्छ दिसते. पिनकंट्रोल ड्रायव्हर आर्च पातळीवर आहे. जीपीआयओचे ड्रायव्हर सबसिस पातळीवर आहेत, म्हणजे एक पायरी नंतर. इथवर हिशोब जुळला. पण पीएल०२२ चा ड्रायव्हरही सबसिस पातळीवरच आहे. तार देणारा आणि तार मागणारा एकाच पातळीवर आले, तर आधी कोण?

एकाच पातळीवरचा क्रम लिंकर ज्या क्रमाने फाइली जोडतो त्यावरून ठरतो आणि तो क्रम येतो मेकफाइलमधून, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलीतून. कर्नलच्या ड्रायव्हर विभागाची मुख्य मेकफाइल उघडली, तर पिनकंट्रोल आणि जीपीआयओ अगदी वर दिसतात, एसपीआय बरेच खाली. जीपीआयओच्या ओळीवर एक टिपण आहे : जीपीआयओ पिनकंट्रोलच्या नंतरच आले पाहिजे, कारण त्याला पिनांची जुळवणी लागू शकते. वीजपुरवठा सांभाळणारे रेग्युलेटर आधी का, ग्राफिक्स नंतर का, याचीही टिपणे तिथे आहेत. कोणी नीटनेटकेपणाच्या हेतूने त्या ओळी वर्णानुक्रमे लावल्या, तर जीपीआयओ पिनकंट्रोलच्या आधी जाईल आणि एकाही ड्रायव्हरची एकही ओळ न बदलता कुठलातरी बोर्ड बंद पडू शकेल.

शिवाय हा क्रम ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधलेला असेल तेव्हाच लागू होतो. तोच ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलमध्ये नंतर चढवायचा वेगळा तुकडा म्हणून बांधला, तर इनिटकॉलच्या पातळीला अर्थच उरत नाही. मॉड्यूल जेव्हा चढेल तेव्हा त्याचा आरंभ.

पातळी वर सरकवण्याचा मोह

क्रमाचा दोष सापडला की पहिली दुरुस्ती सुचते ती पातळी बदलण्याची. तार देणारा उशिरा येतो ना, मग त्याला एक पातळी वर न्या. एका शब्दाचा बदल, लगेच परिणाम. कित्येक वर्षे असंख्य ड्रायव्हर असेच दुरुस्त झाले. आयटूसी या दुसऱ्या एका बसचे अनेक ड्रायव्हर सबसिस पातळीवर गेले ते याच कारणाने : बोर्डाला वीज पुरवणारी चिप आयटूसीवर बसलेली असते आणि तिच्याशिवाय बाकी काही सुरू होत नाही.

ही दुरुस्ती टिकत नाही, कारण सर्व बोर्डांना पुरणारा एकच क्रम अस्तित्वात नाही. एका बोर्डावर रेग्युलेटर आयटूसीवर बसतो, म्हणून आयटूसी आधी हवी. दुसऱ्या बोर्डावर आयटूसीच्या एका फाट्यालाच रेग्युलेटरकडून वीज मिळते, म्हणून तो रेग्युलेटर आधी हवा. दोन्ही बोर्ड बरोबर आहेत. पातळ्यांची कोणतीही मांडणी त्या दोघांना एकदम सांभाळू शकत नाही.

पूर्वी सहसा प्रत्येक बोर्डासाठी किंवा चिप-कुटुंबासाठी वेगळे कर्नल बांधले जाई, त्यामुळे हा विरोध झाकला जात असे. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.७ पासून एआरएमच्या अनेक वेगवेगळ्या कुटुंबांसाठी एकच कर्नल प्रतिमा बांधण्याची वाट मोकळी झाली. प्रतिमा एक, बोर्ड अनेक. बोर्डानुसार बदलणारी गोष्ट ड्रायव्हरच्या कोडमध्ये कायमची कोरून ठेवणे आता चूकच ठरू लागले.

‘थोड्या वेळाने विचारा’

याचे उत्तर त्याच वर्षी आले होते. मे २०१२ मधल्या लिनक्स ३.४ मध्ये ग्रँट लाइकली यांनी पुढे आणलेली प्रोब पुढे ढकलण्याची सोय दाखल झाली. ड्रायव्हर आणि उपकरण यांची जोडी जमली की कर्नल ड्रायव्हरचे प्रोब फंक्शन बोलावते. त्या फंक्शनला आवश्यक गोष्ट मिळाली नाही, तर ते आता ‘ईप्रोब-डिफर’ हे खास उत्तर परत करू शकते. त्याचा आकडा ५१७. ५१२ च्या पुढचे असे आकडे कर्नलच्या आतल्या व्यवहारासाठी राखलेले आहेत. ते बाहेरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचायचे नसतात.

घराचे बांधकाम चालू असताना फरशी बसवणारा कारागीर येतो, जमिनीखालचे पाइप अजून टाकलेले नाहीत हे पाहतो, आणि काहीही न फोडता ‘पाइप झाले की बोलवा’ सांगून जातो. चांगला ड्रायव्हर नेमके हेच करतो. कर्नल त्याचे नाव प्रतीक्षा-यादीत टाकते. दुसरे कोणतेही उपकरण यशस्वीपणे सुरू झाले की यादीतल्या सर्वांना पुन्हा संधी मिळते, कारण कोणाला कोणाची वाट होती हे कर्नलला इथे ठाऊक नसते. बूटच्या वेळी ही फेरतपासणी लेट पातळीवर सुरू होते. तोवर बहुतेक ड्रायव्हरांची पहिली खेप होऊन गेलेली असते.

पीएल०२२ च्या ड्रायव्हरच्या त्या काळच्या कोडमध्ये ही दुरुस्ती वाचायला मिळते. प्रोब फंक्शन डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलेल्या चिप सिलेक्टच्या तारा एकेक करून मागते. त्यांतल्या एकीचेही उत्तर ‘डिफर’ आले, तर आतापर्यंत घेतलेले सर्व सोडून तेच उत्तर वर पाठवते. एवढ्याने मेकफाइलवरचे अवलंबन संपले. जीपीआयओ आधी आला तर पहिल्याच खेपेला काम होते, नंतर आला तर पुढच्या खेपेला होते. चुकीच्या अवस्थेत बस सुरू होण्याचा मार्ग बंद झाला.

दुरुस्ती लिहिताना

सोय साधी असली तरी ती वापरताना चुका होतात, आणि त्या चुकांतून नवे दोष जन्मतात.

पहिली चूक उत्तर गिळण्याची. एखादी तार ऐच्छिक असते. काही बोर्डांवर ती असते, काहींवर नसते. ड्रायव्हर लिहिणारा सर्व नकारांना ‘नाही’ समजतो आणि पुढे जातो. पण ‘नाही’ आणि ‘अजून नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. डिव्हाइस ट्रीमध्ये तिचा उल्लेखच नसेल तर पुढे जावे. उल्लेख असून देणारा तयार नसेल तर थांबावे.

दुसरी चूक उत्तर बदलण्याची. आतून ‘डिफर’ आले, ड्रायव्हरने बाहेर ‘उपकरण सापडले नाही’ असे कळवले. मग कर्नल त्याला कधीच पुन्हा बोलावणार नाही. मधल्या प्रत्येक फंक्शनने मूळ उत्तर जसेच्या तसे वर पोहोचवले पाहिजे.

तिसरी चूक कामांच्या क्रमाची. प्रोब फंक्शनने आधी आपली उप-उपकरणे नोंदवली आणि मग ‘डिफर’ म्हटले, तर ती उप-उपकरणे सुरू होण्याने फेरतपासणी जागी होते, फेरतपासणी याच ड्रायव्हरला बोलावते, तो पुन्हा नोंदवतो, पुन्हा ‘डिफर’ म्हणतो. हे चक्र संपत नाही. कर्नलचे दस्तऐवज या चुकीबद्दल स्पष्ट बजावतात, नंतर ती उप-उपकरणे काढून टाकली तरीही. म्हणून लागणाऱ्या सगळ्या गोष्टी प्रोबच्या सुरुवातीलाच मागून घ्याव्यात आणि जगाला दिसणारे काम शेवटी करावे.

चौथी चूक पुरवणाऱ्याच्या बाजूची आहे. मागणारा कितीही शहाणा असला, तरी पुरवणाऱ्याने तयार होण्याआधीच ‘मी आहे’ अशी घोषणा केली तर दोष राहतो. २०२२ मध्ये लिनक्सच्या जीपीआयओ विभागात असाच दोष दुरुस्त झाला. जीपीआयओ चिप नोंदली जायची, पण तिची इंटरप्ट यंत्रणा पूर्ण उभी राहण्याआधीच आयटूसीच्या बाजूने कोणीतरी इंटरप्ट मागायचे. हाती रिकामा पॉइंटर यायचा आणि कर्नल कोसळायचे. दुरुस्तीत एक खूण वाढवली गेली : यंत्रणा तयार झाली नसेल तर मागणाऱ्याला ‘डिफर’ सांगा. घोषणा ही पुरवणाऱ्याची शेवटची कृती असली पाहिजे.

दोष शोधायला साधनेही आहेत. बूटच्या आज्ञेत ‘इनिटकॉल-डीबग’ लिहिले तर प्रत्येक आरंभ-फंक्शन केव्हा सुरू झाले, किती वेळ चालले आणि काय उत्तर देऊन संपले हे दिसते. डीबग फाइलसिस्टिममधली ‘डिव्हाइसेस-डिफर्ड’ ही फाइल अजून ताटकळत असलेल्या उपकरणांची यादी देते. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.९ पासून ड्रायव्हरला एकाच फंक्शनमधून त्रुटीही कळवता येते आणि थांबण्याचे कारणही नोंदवता येते. ते कारण याच यादीत दिसते. आणि दुरुस्ती पक्की झाली का हे पाहायचे असेल, तर ड्रायव्हर एकदा बांधीव ठेवून आणि एकदा मॉड्यूल करून बूट करावे, मॉड्यूल उलट क्रमाने चढवावेत. क्रम मुद्दाम विस्कटूनही काम चालले, तरच दुरुस्ती झाली म्हणावे.

नाते आधीच वाचणे

प्रोब पुढे ढकलण्याने अचूकता मिळाली, पण वेळ खर्च होतो. साखळी लांब असेल तर एकच ड्रायव्हर अनेकदा बोलावला जातो आणि अनेकदा परत जातो. खरे तर कोणाला कोण लागते हे डिव्हाइस ट्रीमध्ये आधीच लिहिलेले असते. एसपीआयच्या नोंदीतच चिप सिलेक्ट कोणत्या जीपीआयओकडून घ्यायची ते आहे. मग कर्नलने ते वाचून ठेवायला काय हरकत आहे?

गूगलचे सरवण कन्नन यांनी हेच काम हाती घेतले. ‘एफडब्ल्यू-डेव्हलिंक’ नावाची ही यंत्रणा डिव्हाइस ट्रीतले संदर्भ वाचते, पुरवणारा आणि मागणारा यांच्यात दुवा बांधते, आणि पुरवणारा तयार होईपर्यंत मागणाऱ्याच्या ड्रायव्हरला बोलावतच नाही. ती सर्वांसाठी चालू करण्याचा बदल लिनक्स ५.१२ च्या विकासात आला, काही बोर्ड बूट होईनात म्हणून त्याच आवृत्तीत मागे घेतला गेला, आणि सुधारणा करून जून २०२१ मधल्या ५.१३ मध्ये कायम झाला.

तो पहिला प्रयत्न मागे का घ्यावा लागला, यात शिकण्यासारखे आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलेले प्रत्येक नाते आरंभासाठी अनिवार्य नसते. काही पुरवणाऱ्यांना ड्रायव्हरच नसतो. कुठे दोन उपकरणे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि वर्तुळ तयार होते. ही वर्तुळे ओळखून सोडवणे हा या यंत्रणेतला सर्वांत कष्टाचा भाग ठरला. आणि यामुळे डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्याची जबाबदारीही वाढली. पूर्वी तिथला चुकीचा संदर्भ कोणाच्या लक्षात येत नसे. आता त्यामुळे उपकरण ताटकळू शकते.

या सगळ्या प्रवासाची दिशा एकच आहे. आधी क्रम माणसाने हाताने लावला, पातळ्यांत आणि मेकफाइलच्या ओळींत. मग ड्रायव्हर स्वतःची गरज प्रामाणिकपणे सांगू लागला. मग गरज बोर्डाच्या वर्णनातून थेट वाचली जाऊ लागली. क्रम हा नात्यांचा परिणाम आहे. नाती स्पष्ट लिहिली असतील तर क्रम यंत्राला काढता येतो आणि बोर्ड बदलला की तो आपोआप बदलतो. नाती न लिहिता नुसता क्रम लावला, तर तो क्रम का लावला हे काही वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही, आणि मग त्याला हात लावायचीही भीती वाटते.

नोएडा-गुरुग्राममध्ये, पुण्यात, बंगळूरुमध्ये आज हजारो तरुण ड्रायव्हर लिहिण्याच्या कामात आहेत. त्यांनी लिहिलेला कोड त्यांनी कधी न पाहिलेल्या बोर्डांवर चालणार आहे. माझ्या टेबलावर चालते म्हणून पातळी एकाने वर सरकवण्याऐवजी, माझ्या ड्रायव्हरला नेमके काय लागते आणि ते मिळाले नाही तर तो काय उत्तर देतो, हे दोन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. या दोन उत्तरांवरच न पाहिलेल्या बोर्डावरचे यश ठरते.

उपकरणे सुरू करण्याचा क्रम पाहिला. यंत्र झोपी जाताना तो उलटा करावा लागतो. मागणारा आधी झोपला पाहिजे, पुरवणारा नंतर. हा उलटा क्रम कर्नल कसा सांभाळते आणि २०१७ मधल्या लिनक्स ४.१० मध्ये आलेल्या डिव्हाइस-दुव्यांनी त्यात काय सुधारले, हे पुढच्या लेखांकात पाहू.